हवेतील ओलावा आणि वणवा



पावसाळ्यात सर्दावलेली काडी पेटत नाही, हे काडेपेटीच्या कारखान्यामुळे एके काळी प्रसिद्ध असलेल्या अंबरनाथला सांगावयास नको. वाळलेल्या गवताचेही तसेच आहे. ते हवेतील ओलावा शोषते आणि सोडते. बारीक गवताला त्यासाठी तासभर पुरतो. १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी उष्णता खर्ची पडते. म्हणून दमट पहाटे ठिणगी विझते. ऊन चढताच सापेक्ष आर्द्रता घटते आणि तशाच ठिणगीने वणवा लागतो.

अंबरनाथ पूर्वेकडून मलंगगडाच्या दिशेने पसरलेल्या डोंगरउतारांना उन्हाळ्यात हाच धोका असतो. शेतकऱ्यांनी राब सकाळीच, वारा पडलेला असताना भाजावा आणि दुपारपूर्वी निखारे पाण्याने विझवावेत. ग्रामपंचायतींनी जाळरेषा काढाव्यात. शिक्षकांनी यामागील कारण मुलांना समजावून द्यावे.