न वाचलेली वही



एकाच संगणकाच्या पोटांत अनेक 'आभासी यंत्रें' चालूं शकतात. अशा यंत्राची डिस्क म्हणजे बहुधा एक मोठी फाइलच असते. यंत्र सुरू न करतां ती फाइल उघडून पाहण्याचें काम 'लिबगेस्टएफएस' हा साधनसंच करतो. त्यासाठीं तो स्वतःचें एक चिमुकलें लिनक्स यंत्र चालवितो व परक्या डिस्कची झडती त्याच्या आंत घेतो. डिस्कमध्यें कांहीं कपट असलें, तरी यजमान संगणकास त्याची झळ सहसा लागूं नये, हा त्यांतील हेतु.

झडतींतला मुख्य प्रश्न असा कीं, आंत कोणतीं पॅकेजें आहेत व कोणत्या आवृत्तीचीं? उत्तर पॅकेज-व्यवस्थापकाच्या वहींत असतें. परंतु प्रत्येक घरची वही निराळी. डेबियनची वही साध्या मजकुराची, तर फेडोराची आरपीएमच्या डेटाबेसची. 'अल्पाइन' या अगदीं लहान लिनक्सचा व्यवस्थापक 'एपीके'. त्याच्या वहींत 'पी' या अक्षरापुढें पॅकेजचें नांव, 'व्ही' पुढें आवृत्ति, आणि दोन नोंदींमध्यें एक कोरी ओळ!

इतकी सोपी वही वाचावयास शिकविण्याचें एवढें महत्त्व काय? मार्च २०२४ मध्यें 'एक्सझेड' या पॅकेजच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार लपविलेलें आढळलें. अशा वेळीं शेंकडों यंत्रें सांभाळणारा मनुष्य प्रथम यादी मागतो. साधनास एपीके ठाऊक नसेल, तर अल्पाइनची यादी रिकामी येईल. आणि रिकामी यादी पाहून 'येथें दोष नाहीं' असें समजणें किती सोपें! न वाचलेली वही कोरी मानली जाते, धोका तो हाच.

वाचनही नेमकें हवें. आवृत्तीच्या शेवटीं 'आर' व एक अंक असतो. तो पॅकेज बांधणाराचा. दोषाची दुरुस्ती पुष्कळदां केवळ त्याच अंकाच्या वाढीनें येते. तो गाळला, तर दुरुस्त व नादुरुस्त पॅकेज सारखेंच दिसेल.

नवें पॅकेज घालतांना मात्र वहींत बाहेरून परस्पर लिहूं नये. त्या डिस्कवरील एपीकेलाच आपल्या घरांत काम करूं द्यावें. अवलंबनें व स्थापनेच्या वेळचे विधि त्यासच ठाऊक असतात.

यंत्रणा लहान असली, तरी तिची वही दुर्लक्षून चालत नाहीं.