वर्दी उतरल्यावर काय?

रेंज आहे ना? ज्यांच्याकडे नाही त्यांनी आधीच डाउनलोड करून ठेवलं असेल, मला माहितीये. आपले निम्मे श्रोते असेच आहेत.

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे करतोय. एटापल्लीकडचा एक पोरगा आहे, नाव नका सांगू म्हणाला. मेसेज चाळीस सेकंदांचा. मागे कोंबडा आरवतोय आणि हा धापा टाकतोय, म्हणजे नुकताच धावून आलेला. म्हणतो, "दादा, मी अग्निवीरची तयारी करून राहिलो. घरचे म्हणतात, चार वर्षांनी वापस आला तर का करशील? फौजेतून आलेले लोक पुढे का करतात ते सांग ना एखाद्या दिवशी."

तर भाऊ, आज सांगतो.

मी आधी सगळे करतात तेच केलं, यूट्यूब उघडलं. आणि तिथे काय, अमेरिकन मरीन! अमेरिकेत अशा याद्यांची हौसच आहे, "हे प्रसिद्ध लोक एकेकाळी मरीन होते" वगैरे. त्यातला एक तुम्हाला नक्की माहीत आहे. 'स्टार वॉर्स'च्या नव्या सिनेमांमधला तो काळ्या कपड्यातला व्हिलन, कायलो रेन. ते काम करणारा अॅडम ड्रायव्हर खरोखरचा मरीन होता. आधी त्याला न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या नामांकित संस्थेनं नाकारलं होतं. मग ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला झाला आणि हा भरती झाला. तीन वर्षं व्हायच्या आत सायकलवरून पडला, छातीचं हाड मोडलं आणि लढाईवर न जाताच घरी आला. पुन्हा जुलियार्डला अर्ज केला, या वेळी घेतलं. गायक शॅगी, तोसुद्धा मरीन, आखाती युद्धातला. पृथ्वीभोवती फिरणारा पहिला अमेरिकन जॉन ग्लेन, तोही. आणि हो, केनेडींवर गोळ्या झाडल्याचा आरोप ज्याच्यावर आहे तो ली हार्वे ऑस्वाल्डसुद्धा मरीनच होता. हे नाव यादीत बहुतेक वेळा गाळतात.

असल्या व्हिडिओत शेवटी म्युझिक वाढवून सांगतात की बघा, शिस्तीमुळे माणूस मोठा झाला. मला ते पटत नाही. शिस्त आपल्याकडे काय कमी आहे? पहाटे साडेचारला गडचिरोली, चामोर्शी, आरमोरीच्या कुठल्याही रस्त्यावर जाऊन बघा. अंधारात पोट्टे धावत असतात, आता पोरीही धावतात. कोणाच्या पायात बूट, कोणी अनवाणी. माझा मामेभाऊ पाच वर्षं असा धावला. तीन वेळा भरतीला गेला. एकदा ग्राउंडमध्ये गेला, एकदा लेखीत, एकदा मेडिकलला. मग वय निघून गेलं. शिस्त त्याच्याकडे माझ्या दहापट होती.

मग फौज माणसाला नेमकं देते काय? एकच गोष्ट नीट सांगतो, कारण ती आपल्या महाराष्ट्रातली आहे.

मुरलीकांत पेटकर. 'चंदू चॅम्पियन' २०२४ मध्ये आला तेव्हा तुम्ही नाव ऐकलं असेल. सिनेमा बाजूला ठेवा, माणूस बघा. जन्म १९४४ चा, सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूर भागातला. लहानपणी कुस्तीचं वेड. पोरवयातच फौजेत गेले. तिथे ईएमई, म्हणजे गाड्या, यंत्रं, उपकरणं दुरुस्त करणाऱ्या दलात क्राफ्ट्समन झाले. कुस्तीचा पोरगा तिथे बॉक्सर झाला. हे लक्षात ठेवा, गावात कुस्तीचा आखाडा होता, बॉक्सिंगची रिंग नव्हती. रिंग फौजेत मिळाली.

१९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. एक गोळी मणक्याजवळ अडकून राहिली. कमरेखालचं शरीर गेलं. वय किती? एकवीसच्या आतबाहेर. आज आपल्याकडे ज्या वयात पोरं भरतीतून बाद होतात तेच वय.

पुढे मुंबईला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात त्यांना पाण्यात उतरवलं. मेडलसाठी नाही हां! उपचार म्हणून. पाण्यात शरीराचं वजन जाणवत नाही, मेलेल्या स्नायूंचा भार कमी होतो, हातांना ताकद येते. म्हणजे फिजिओथेरपीच. त्यातून हा माणूस पोहायला लागला. १९६८ मध्ये तेल अवीवच्या पॅरालिम्पिकला गेले ते टेबल टेनिस खेळायला. आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्ण. वेळ ३७.३३ सेकंद, त्या गटातला जागतिक विक्रम. ऑलिम्पिक असो की पॅरालिम्पिक, भारतासाठी वैयक्तिक सुवर्ण आणणारा हा पहिला माणूस. अभिनव बिंद्राचं सुवर्ण २००८ चं. मध्ये छत्तीस वर्षं.

आता थांबा आणि मोजा. एका सुवर्णामागे काय काय लागलं? एक तलाव. तो भरलेला ठेवणारं रुग्णालय. पाण्यात उतरवणारा माणूस. पोटाची चिंता नाही म्हणून वर्षानुवर्षं सराव करायची मोकळीक. परदेशात जायला तिकीट. त्या काळात दिव्यांग खेळाडूंसाठी क्रिकेटपटू विजय मर्चंट धडपडत होते, त्यांची मदत झाली. आणि नंतर पुण्यात टेल्कोत नोकरी. जिद्द त्यांची स्वतःची होती, त्यात वाद नाही. पण जिद्दीला तलाव लागतो ना, भाऊ! आपल्या किती तालुक्यांत पोहण्याचा तलाव आहे, सांगा बरं. बोडी म्हणू नका, बोडीत म्हशी असतात.

आणि देशानं काय केलं? पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. अर्जुन पुरस्कार, जीवनगौरव प्रकारातला, जाहीर झाला जानेवारी २०२५ मध्ये. वयाची ऐंशी झाल्यावर. मला हे सांगताना राग येतो, म्हणून पुढे जातो.

दुसरं उदाहरण अविनाश साबळेचं. तो अजून फौजेतच आहे, त्यामुळे 'माजी' म्हणता येत नाही, तरी सांगतो, कारण धावणाऱ्या पोरांना त्याचं उपयोगी आहे. बीड जिल्ह्यातलं आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव, शेतकरी घर. शाळा सहा किलोमीटरवर, रस्त्याला एसटी नाही, मग कधी चालत, कधी पळत. बारावी झाली आणि घरच्या परिस्थितीमुळे भरती झाला, महार रेजिमेंटमध्ये. पहिली पोस्टिंग सियाचीन. मग राजस्थानचं वाळवंट, मग सिक्कीम. ऐका हं, तोपर्यंत तो खेळाडू नव्हताच! शर्यतीत धावायला लागला २०१५ मध्ये, सैन्यातल्या क्रॉस कंट्रीत. तिथे अमरीश कुमार या कोचच्या नजरेत आला आणि त्यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. ३००० मीटर, मध्ये अडथळे, पाण्याचा खड्डा. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुलात रौप्य, ८ मिनिटं ११.२० सेकंद. सुवर्ण हुकलं ०.०५ सेकंदानं. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण.

म्हणजे वीस-एकवीस वर्षांचा होईपर्यंत तुमच्यात काय आहे ते तुम्हालाच कळत नाही, असंही होतं. ते ओळखणारा कोच जवळ असावा लागतो. चंद्रपूर जिल्ह्यात हे वर्दीशिवाय झालेलं आहे. आठवतं? मे २०१८, आश्रमशाळांमधल्या आदिवासी मुलामुलींना गिर्यारोहणाचं प्रशिक्षण देऊन पाठवलं आणि पाच जण एव्हरेस्टवर पोहोचले. तीच पोरं, तीच गावं. फक्त कोणीतरी शिकवलं आणि खर्च केला.

महार रेजिमेंटचं नाव निघालं म्हणून थोडं मागे जाऊ. माझ्या मते 'फौजेतून आल्यावर काय केलं' याचं सगळ्यात मोठं उत्तर तिथे आहे, आणि ते कुठल्याच व्हायरल यादीत नसतं.

गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढळचे. ब्रिटिशांच्या फौजेत होते, १८८६ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले. दापोली तेव्हा निवृत्त सैनिकांचं गाव, आजही जुने लोक 'कॅम्प दापोली' म्हणतात. ज्या माणसाला गावात पाणवठ्यावर जाऊ देत नव्हते, तो फौजेत राहून वाचायला, लिहायला, अर्ज करायला शिकून आला होता. घरी येऊन गप्प बसला नाही. १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' नावाची पुस्तिका छापली, अस्पृश्यता कोणत्या आधारावर पाळता असे थेट प्रश्न विचारणारी. अनार्य दोष परिहारक मंडळी ही संस्था काढली. पुढे १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची सैन्यभरतीच बंद केली, तेव्हा ती परत सुरू करा म्हणून अर्ज तयार केला.

का एवढी धडपड? कारण भरती म्हणजे फक्त पगार नव्हता. सैनिकांच्या मुलांसाठी शाळा होती. रामजी सकपाळ हे सुभेदार, फौजेतल्या शाळेत मुख्याध्यापक. त्यांचा मुलगा १४ एप्रिल १८९१ ला महूच्या छावणीत जन्मला. नाव सांगायची गरज आहे का? निवृत्तीनंतर तेही कुटुंब काही काळ दापोलीलाच होतं. भरती बंद, म्हणजे पुढच्या पिढीचा शाळेचा रस्ता बंद, हे वलंगकरांना दिसलं होतं. महार रेजिमेंट उभी राहिली १ ऑक्टोबर १९४१ ला, बेळगावात. वलंगकर १९०० मध्येच गेले होते.

बाकी नावं भराभर घेतो. अण्णा हजारे फौजेत ट्रक चालवायचे, १९६५ ला खेमकरण भागात होते. नंतर राळेगणसिद्धीला येऊन स्वतःच्या पैशातून मंदिर दुरुस्त केलं, मग नाले अडवून पाणी जिरवलं. त्यांच्या पुढच्या राजकारणाबद्दल तुमचं मत काहीही असू द्या, पाण्याचं काम बघण्यासारखं आहे. नाना पाटेकरांचं उलटं, आधी नट, मग टेरिटोरियल आर्मीत कॅप्टन, १९९९ ला कारगिलच्या वेळी तिकडे गेले. आणि आपल्या नागपुरात जन्मलेले कर्नल सी. के. नायडू, कसोटीतले भारताचे पहिले कर्णधार. त्यांना होळकर महाराजांनी क्रिकेटसाठी इंदूरला नेलं आणि सैन्यात हुद्दा दिला. स्पोर्ट्स कोट्याचे आजोबाच म्हणा!

आता एटापल्लीच्या भावा, तुझ्याकडे येतो.

तुझे घरचे चुकीचं विचारत नाहीयेत. पेटकर, हजारे यांच्या काळातली नोकरी आणि तुझी नोकरी एक नाही. अग्निपथ जून २०२२ मध्ये जाहीर झाली. चार वर्षं, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के पोरं कायम. बाकीच्यांना पेन्शन नाही. पहिल्या वर्षी महिना ३०,०००, त्यातले ३० टक्के कापून हातात २१,०००. शेवटी सेवानिधी म्हणून व्याजासकट साडेअकरा लाखांच्या पुढे रक्कम मिळेल असं योजना आली तेव्हा सांगितलं. पण त्यात निम्मे पैसे तुझ्याच पगारातून कापलेले असतात, हे अकॅडमीवाले बॅनरवर छापत नाहीत.

अमेरिकेच्या याद्या इतक्या लांब का असतात, त्याचं एक कारण इथेच आहे. १९४४ मध्ये तिकडे एक कायदा झाला, जीआय बिल. युद्धावरून आलेल्यांच्या कॉलेजचा खर्च सरकारनं उचलला. लाखो पोरं शिकली. मग त्यातून इंजिनिअर, लेखक, मंत्री निघणारच.

आपल्याकडे काय आहे? दहावीवर गेलास तर सेवेत असताना मुक्त विद्यालयातून बारावीचं प्रमाणपत्र घेण्याची सोय केलेली आहे. इग्नूची पदवी आहे, ज्यात सैन्यातल्या प्रशिक्षणाचेही गुण धरतात. केंद्रीय पोलीस दलांत माजी अग्निवीरांना राखीव जागा जाहीर झाल्यात. हे आपोआप होत नाही, फॉर्म भरावा लागतो. पहिल्याच वर्षी भर. ट्रेड मिळाला तर गाडी, वायरलेस, इलेक्ट्रिकल, जे असेल त्याचं लेखी प्रमाणपत्र माग. खेळात बरा असशील तर युनिटच्या टीमच्या निवडीला उभा राहा, लाजू नको. साबळेला कोणी गावात येऊन शोधलं नव्हतं.

आणि सेवानिधीवर आत्ताच घरी बोलून ठेव. आमच्या भागात एकरकमी पैसे आले की आधी मोटारसायकल येते, मग पाहुणे येतात.

नाही झालं तर? माझ्या मामेभावाला मी परवा हेच विचारलं. तो सध्या ट्रॅक्टर चालवतो, धानाच्या सीझनला हार्वेस्टरवर जातो. पहाटे अजून उठतोच. गावातल्या अकरा पोरांना तो धावायला नेतो, मोबाइलच्या स्टॉपवॉचवर टाइम लावतो, पैसे घेत नाही. मी म्हटलं, घेत जा ना थोडे. तर म्हणे, "पोलीस भरतीचं मेरिट लागू दे आधी, मग पाहू."

भावा, तू मेसेजमध्ये सगळं सांगितलंस, सोळाशेचा टाइम नाही सांगितलास. तो पाठव. मामेभाऊ म्हणतो, शेवटच्या चारशेत कुठे कमी पडतो ते टाइम पाहून सांगता येते.