चित्रातील भगिनी आणि पटावरील नावे



व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या अखेरीस, १८९९ साली, जॉन सिंगर सार्जंट या चित्रकाराने लंडनमधील एका धनाढ्य घराण्यातील तीन बहिणींचे तैलचित्र रंगविले. साडेनऊ फूट उंच, सात फूट रुंद. वडिलांच्या दिवाणखान्यातील कोचावर शुभ्र वस्त्रे ल्यालेल्या तिघी विसावल्या आहेत; मागील अंधुक भिंतीवर वॉट्स या चित्रकाराने रंगविलेले त्यांच्या आईचे व्यक्तिचित्र दिसते. १९०० साली ते रॉयल अकॅडमीत मांडले गेले, तेव्हा इंग्लंडच्या युवराजांनी या तिघींना ग्रीक पुराणांतील तीन लावण्यदेवतांची उपमा दिली. १९२७ साली ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने विकत घेतले.

या चित्राचे शीर्षक मात्र विचार करावयास लावणारे आहे : ‘विंडम भगिनी : लेडी एल्को, मिसेस अडीन आणि मिसेस टेनंट’. विंडम हे वडिलांचे आडनाव. पुढील तिन्ही ओळखी पतीकडून आलेल्या. मेरी, मॅडलिन आणि पॅमेला ही त्यांची स्वतःची नावे शीर्षकात नाहीत. पुढे काय झाले पाहा. पॅमेला १९११ साली लेडी ग्लेनकॉनर झाल्या आणि १९२२ च्या पुनर्विवाहानंतर लेडी ग्रे. मेरी १९१४ साली वीम्सच्या काउंटेस झाल्या. पहिल्या महायुद्धात मेरीचे दोन आणि पॅमेलाचा एक पुत्र कामी आला. शीर्षकातील दोन नावे त्यांच्या हयातीतच मागे पडली. दुःख मात्र मेरीचे आणि पॅमेलाचेच होते.

ही परदेशातील गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. पण आपल्या कोसाडहून बडोदे काही फार दूर नाही. सयाजीराव महाराजांचा १८८० साली तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी विवाह झाला. सासरी त्या चिमणाबाई झाल्या. १८८५ साली त्या निवर्तल्या. त्याच वर्षी देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई बडोद्याच्या राणी झाल्या आणि त्यांचेही नाव चिमणाबाईच ठेवले गेले. राजा रविवर्म्यांनी महाराणी चिमणाबाईंचे व्यक्तिचित्र रंगविले आहे. त्याचे नाव ऐकणाऱ्यास ‘यांतल्या कोणत्या?’ असे विचारावे लागते. अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद १९२७ साली पुण्यात भूषविणाऱ्या कर्तबगार महाराणी म्हणजे या गजराबाईच, हे किती जणांना ठाऊक असते?

त्याच बडोदे संस्थानात १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू झाले आणि १९०६ साली ते संस्थानभर लागू झाले. त्यात मुलीही होत्या. शाळेच्या पटावर मुलीचे नाव येते ते तिचे स्वतःचे, आणि तेच आधी येते. वडिलांचे नाव त्यामागून. मोठमोठ्या चित्रकारांकडून चित्रे काढविणाऱ्या घराण्यांना जे सुचले नाही, ते शाळेच्या साध्या वहीने केले.

पालकहो, खानदेशातून पोटापाण्यासाठी सुरतेस आलेल्या आपल्या घरांतून ओढाताण असते, हे मी जाणतो. धाकट्या भावंडांना सांभाळायला, घरकामाला कोणी हवे, म्हणून मोठ्या मुलीचे नाव शाळेतून कमी केले जाते. तसे करण्यापूर्वी एवढेच ध्यानी घ्यावे की, त्या वहीतून आपण काय पुसत आहोत. आपल्या लेकींची तैलचित्रे आपण काढवू शकणार नाही. त्यांचे नाव मात्र पटावर राखू शकतो, आणि ते राखावे, एवढीच माझी आपणांस नम्र विनंती आहे.