हरवलेलीं चार मिनिटें



गेल्या पावसाळ्यांतील एक रात्र मला विसरतां येत नाहीं. माझी धाकटी बहीण परगांवीं आजारी होती आणि तिची सून दूरध्वनीवरून प्रकृतीचें वर्तमान सांगत होती. वाक्याच्या मध्येंच आवाज नाहींसा झाला. भिंतीवरच्या घड्याळांत मीं चार मिनिटें मोजलीं, तेव्हां कोठें पुन्हां बोलणें सुरू झालें. वर्तमान सुदैवानें चांगलें होतें. दुसऱ्या दिवशीं चौकशी केली, तों उत्तर मिळालें, "आमच्याकडील दोष निमिषार्धांत निवारला होता." मी खोटें बोलत नव्हतों आणि तेही बहुधा बोलत नसावेत. मग माझीं चार मिनिटें गेलीं कोठें?

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. दुरुस्ती निराळी आणि सावरणें निराळें. ३० जानेवारी २००८ रोजीं ईजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ, मुंबईपर्यंत येणाऱ्या समुद्राखालील दोन तारा तुटल्या. जहाजें जाऊन त्या सांधण्यास आठ-दहा दिवस लागले, ती दुरुस्ती. तत्पूर्वींच पुष्कळसे संदेश पूर्वेच्या वाटेनें वळविण्यांत आले, तें सावरणें.

सावरण्याचा हा काळ मोजावा कसा? शाळामास्तराचाच दाखला देतों. समजा, दारांतून दर मिनिटास एक मुलगा हजेरीच्या क्रमानें आंत येतो. तिसाव्यानंतर एकदम अडतिसावा आला, तर सात मुलें राहिलीं. अर्थात् दार सात मिनिटें बंद होतें. जाळ्यांतही असेंच करितात. दर सेकंदास एक हजार क्रमांकित संदेशखंड सोडावे, एक वाट मुद्दाम तोडावी, आणि पलीकडे किती क्रमांक गळाले तें पाहावें. पन्नास गळाले, तर काळ पन्नास सहस्रांश सेकंद. पण नवी वाट वीस सहस्रांशांनीं लांब असेल, तर ऐकणारास शांतता सुमारें सत्तर सहस्रांशांची भासेल. म्हणून आपण गळती मोजली कीं शांतता, हें स्पष्ट सांगावें.

एकाच मालकाच्या प्रकाशतंतूंच्या वलयांत दोष कळल्यावर ५० सहस्रांश सेकंदांत राखीव वाट धरावी, असा जुना दंडक आहे. परंतु इंटरनेट हें एकाचें राज्य नव्हे. तीं हजारों स्वतंत्र संस्थानें आहेत. शेजारी शेजाऱ्यास ठराविक काळानें "मी जागा आहें" असा निरोप धाडतो. निरोप थांबला, तरी शेजारी गेला असें मानण्यापूर्वीं वाट पाहावयाची. प्रचलित नियमांत त्यासाठीं ९० सेकंद सुचविलेले आहेत. पुढें ही बातमी सरहद्दीमागून सरहद्द ओलांडीत जाते, आणि कित्येक संस्थानें मोडलेल्याच वाटेचे निरनिराळे पर्याय चाचपून पाहतात. क्रेग लॅबोविट्झ व त्यांचे सहकारी यांनीं २००० सालीं दाखवून दिलें कीं, अशा स्थित्यंतरास सरासरीनें तीन मिनिटें, आणि क्वचित् पंधरा मिनिटेंही लागत. त्यानंतर दोष लवकर ओळखण्याच्या युक्त्या निघाल्या आहेत. पण सरहद्दी आहेत तेथेंच आहेत.

खरी अडचण येथेंच आहे. कोणतेंही संस्थान आपलें अंतरंग दुसऱ्यास दाखवीत नाहीं, आणि दोघांचीं घड्याळेंही तंतोतंत जुळत नाहींत. याकरितां सरहद्दीवर मोजणीचीं ठाणीं असावीं, त्यांचीं घड्याळें उपग्रहांच्या वेळेशीं मिळवावीं, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा सबंध काळ निराळा मोजावा. शिवाय प्रयोग एकदांच न करितां पुष्कळ वेळां करावा, आणि सरासरीबरोबर सर्वांत वाईट आंकडाही नमूद करावा. वर्गाची सरासरी उत्तम असली, तरी नापास झालेल्या मुलास तिचा काय उपयोग?

आतां माझ्या चार मिनिटांचा उलगडा होण्याजोगा आहे. प्रत्येकानें आपापल्या कुंपणाआंतला काळ मोजला आणि तो प्रामाणिकपणें सांगितला. कुंपणांच्या मधला काळ मात्र कोणाच्याच वहींत चढला नाहीं. आजाऱ्याच्या घरचा मनुष्य नेमका त्याच काळांत कानाशीं यंत्र धरून उभा असतो. मोजमाप त्याच्या कानापाशीं व्हावें, एवढेंच सांगून मी आपली रजा घेतों.