घरगुती सुतारशाळा आणि लाकडाची धूळ

(कारागीर व हौशी सुतारकाम करणारे यांच्या एका प्रशिक्षणवर्गात निवृत्त शिल्पनिदेशकांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सांधे, खोबणी, पॉलिश अशा विषयांवर मी आज काही सांगेन, अशी आपली अपेक्षा असेल. तीस वर्षे मी तेच शिकवीत आलो. परंतु आजचा माझा विषय सुतारकामाच्या पुस्तकांत बहुधा अखेरच्या पानांवर येतो आणि म्हणूनच वाचला जात नाही. टेबलावर बसवायचे लहान घासणीयंत्र, ज्याला बाजारात बेंच सँडर म्हणतात, ते आता पुष्कळांच्या घरी आले आहे. एका बाजूस चार इंची पट्टा, दुसऱ्या बाजूस सहा इंची तबकडी, असे ते यंत्र. त्याची धूळ ओढून घेणारी नळी त्याला नीट कशी जोडावी, एवढेच मला सांगावयाचे आहे.

सेवानिवृत्तीनंतर मी असे एक यंत्र विकत घेतले व घराच्या पडवीत मांडले. यंत्राच्या मागे धूळ बाहेर पडण्यासाठी एक तोंड होते आणि त्याला बांधायला एक कापडी पिशवी मिळाली होती. ती बांधली आणि आपण सर्व दक्षता घेतली, अशी स्वतःची समजूत करून घेतली. पिशवी भरत असे, त्यामुळे समाधानही वाटे. माझी पत्नी लगतच्या खोलीत शिवणकाम करते. त्या पावसाळ्यात तिला कोरडा खोकला जडला. हवा दमट, भिंतींना ओल. आम्ही दोष पावसाला दिला. पाऊस सरला, खोकला मात्र सरला नाही. नंतर एके दिवशी सकाळी काम थांबवून मी चहाला आत गेलो. यंत्र बंद करून तास उलटला होता. कौलांतल्या काचेतून शिवणयंत्रावर उन्हाचा कवडसा पडला होता आणि त्या कवडशात शिसवाची तांबूस धूळ संथपणे तरंगत होती. माझ्या पडवीतली धूळ तिच्या खोलीत! ज्याने जन्मभर विद्यार्थ्यांना शिस्त शिकवली, त्याने स्वतःच्या घरात हे करून ठेवले होते.

माझे वडील मेस्त होते. त्यांच्या कामातही लाकूड कापले जात होतेच. मग त्यांच्या शाळेत अशी धूळ का नसे? कारण त्यांचा रंधा लाकूड सोलून काढी. त्याच्या झिलप्या पायाशी पडत व संध्याकाळी चुलीत जात. करवतीचा भुसाही जड, तो खाली बसे. काचकागद ते अगदी शेवटी आणि हाताने वापरीत. आपले यंत्र लाकूड सोलत नाही, ते लाकडाचे पीठ करते, आणि हे पीठ फिरत्या पट्ट्याच्या वेगाने हवेत फेकले जाते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. दहा मायक्रॉनहून बारीक कण डोळ्यांना एकेकटे दिसत नाहीत, पण नाकातील केसांना चुकवून खोल जातात. दोन मायक्रॉनच्या आसपासचे कण स्थिर हवेतसुद्धा माणसाच्या उंचीवरून जमिनीवर यायला कित्येक तास घेतात; छताचा पंखा चालू असला तर ते बसतच नाहीत, म्हटले तरी चालेल. म्हणून खाली पडलेला भुसा पाहून धुळीचा अंदाज बांधू नये. जो दिसतो तो निरुपद्रवी म्हणावा इतका मोठा असतो.

या धुळीचे परिणाम ही केवळ कल्पना नव्हे. इंग्लंडमधील हाय विकम हे गाव खुर्च्या व इतर लाकडी सामानाच्या धंद्यासाठी प्रसिद्ध. तेथील कान-नाक-घशाच्या शल्यविशारद एस्मे हॅडफील्ड यांच्या लक्षात आले की, नाकाच्या व त्यालगतच्या पोकळ्यांच्या एका विरळा प्रकारच्या कर्करोगाचे रुग्ण लाकूडकामगारांतून फार येतात. अॅचेसन, हॅडफील्ड, मॅकबेथ व त्यांच्या एका सहकाऱ्याने १९६८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे प्रसिद्ध केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला मनुष्यास निश्चितपणे कर्करोगकारक अशा पहिल्या गटात घातले. हा रोग दीर्घकाळ कारखान्यात राबलेल्यांत दिसून आला. आठवड्यातून दोन तास घरी काम करणाऱ्याने भयभीत व्हावे असे मी म्हणत नाही. पण दमा, शिंका, डोळ्यांची आग, त्वचेवर पुरळ हे विकार त्याच्याही वाट्याला येतात. सागवान व शिसव यांतील काही द्रव्ये त्वचेला बाधतात, हे जुन्या मेस्तांना ठाऊक होते. एमडीएफच्या फळ्यांची धूळ तर आणखी बारीक, आणि तिच्यात बहुधा फॉर्माल्डिहाइडयुक्त गोंदही असतो.

कारखान्यांसाठी याबाबत कायदा होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील चौदाव्या कलमाचा आशय असा की, धूळ ओढून घेण्याचे साधन धुळीच्या उगमाच्या शक्य तितके जवळ बसवावे आणि ते उगमस्थान शक्य तितके बंदिस्त करावे. प्रशिक्षण संस्थेत असताना हे कलम मी परीक्षेपुरते शिकवले. आज त्यातील दोनच शब्द मी आपल्यापुढे ठेवतो : जवळ आणि बंदिस्त. आपल्या पडवीत निरीक्षक येत नाही. तेव्हा ते काम आपणच केले पाहिजे.

आता प्रत्यक्ष जोडणीकडे वळू. या लहान यंत्रांचे धूळमुख पुष्कळदा अडीच इंची, म्हणजे सुमारे ६३ मिलिमीटरचे असते. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरची नळी असते साधारण ३२ ते ३५ मिलिमीटरची. दोन्ही एकमेकांत बसत नाहीत, मग माणूस चिकटपट्टी गुंडाळतो. येथेच पहिली चूक होते. नळीचा व्यास निम्मा झाला की तिचे क्षेत्रफळ निम्मे नव्हे, एकचतुर्थांश होते. ६३ ची नळी ३२ वर आणली की हवेला एकचतुर्थांश वाट उरते. यास्तव शक्य तर ६३ मिलिमीटरच्या नळीचा मोठा, भुसा ओढणारा, ओल्या-कोरड्या कामाचा व्हॅक्यूम घ्यावा. लहान नळीवाचून गत्यंतर नसेल, तर बारीकपणा यंत्राजवळ न आणता व्हॅक्यूमच्या तोंडाशी आणावा आणि तो भाग आखूड ठेवावा.

काहींनी मोठा धूळसंग्राहक, म्हणजे डस्ट कलेक्टर, घेतलेला आहे. त्याचा स्वभाव निराळा. व्हॅक्यूममध्ये ओढ तीव्र असते पण हवा थोडी. संग्राहकात हवा पुष्कळ पण ओढ सौम्य. संग्राहकाची शंभर मिलिमीटरची नळी आखडून ६३ च्या तोंडाला जोडली की क्षेत्रफळ जेमतेम चाळीस टक्के राहते, आणि सौम्य ओढीला ती अडचण झेपत नाही. संग्राहक नुसता घरघरतो. अशा वेळी यंत्राच्या मागे व खाली प्लायवुडची पेटी करून तिला शंभर मिलिमीटरचे तोंड द्यावे आणि हवेला आत यायला पुरेशी फट ठेवावी. थोडक्यात, लहान तोंडाला व्हॅक्यूम, मोठ्या पेटीला संग्राहक.

सांधा घट्ट हवा, पण ताठ नको. यंत्र थरथरते, आणि ताठ सांधा काही दिवसांत सैल होतो. मी सायकलच्या, खरे तर स्कूटरच्या, जुन्या ट्यूबचा चार इंचांचा तुकडा कापून धूळमुखावर चढवतो, दुसऱ्या टोकात प्लंबरच्या दुकानातला ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घालतो आणि दोन्हीकडे पोलादी क्लिपा आवळतो. चिकटपट्टी परीक्षेपुरती ठीक. पाइप जमेल तितका सरळ व गुळगुळीत असावा. घड्यांची लवचिक नळी हवेला फार अडवते. ती दोन मीटरांच्या आत ठेवावी, आणि काटकोनी वळणाऐवजी दोन अर्धी वळणे घ्यावीत.

यंत्राला पट्टा व तबकडी यांची दोन वेगळी तोंडे असल्यास, ज्यावर काम चालू नाही त्याचे तोंड झडपेने बंद करावे. दोन्ही उघडी ठेवली तर ओढ दोघांत वाटली जाऊन कोणाचेच भले होत नाही. तबकडीवर काम नेहमी तिच्या खाली उतरणाऱ्या अर्ध्या भागावर करावे. सुरक्षिततेचा तो नियम आहेच, शिवाय धूळही तेथे टेबलाखाली फेकली जाते, जेथे ओढणारे तोंड असते. टेबल व तबकडी यांतील फट दोन मिलिमीटरहून अधिक नसावी. पट्ट्याचे असे सोपे नाही. पट्टा धूळ आपल्याबरोबर नेतो व जेथे रुळावर वळतो तेथे ती झटकतो. कारखान्यातून आलेले तोंड नेमके तेथे असेलच असे नाही. नसेल तर पत्र्याचा किंवा प्लायवुडचा एक गाल रुळाभोवती वळवून बसवावा. माझ्या यंत्रावर हा गाल बसवल्यानंतर जो फरक पडला, तो नवा व्हॅक्यूम आणूनही पडला नव्हता.

आता जेथे पुष्कळांची फसगत होते त्या फिल्टरविषयी. साध्या कापडी पिशवीत जाड भुसा अडकतो व बारीक धूळ कापडातून आरपार जाते. म्हणजे आपण निरुपद्रवी भाग साठवतो आणि अपायकारक भाग जोराने खोलीत फुंकतो. माझ्या घरी नेमके हेच घडत होते. हेपा प्रकारचा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण शेकडा ९९.९७ इतक्या प्रमाणात अडवतो, तोच घ्यावा. तो महाग आणि लवकर तुंबणारा, म्हणून त्याच्या आधी सायक्लोनचा डबा लावावा. त्यात हवा गोल फिरते, जड कण भिंतीला लागून खालच्या बादलीत उतरतात आणि फिल्टरकडे थोडीच धूळ जाते. बादली जाड, रंगाच्या वीस लिटरच्या डब्यासारखी, आणि झाकण पूर्ण हवाबंद असावे. पातळ बादली नळी तुंबताच आत चेपते. माझ्या दोन चेपल्या. झाकणाला बारीकशी फट असली तरी खाली बसलेला भुसा पुन्हा वर उचलला जातो.

आपल्याकडील पावसाळ्यासाठी एक वेगळी सूचना. दमट हवेत बारीक धूळ नळीच्या वळणात लोण्यासारखी थापली जाते. जून ते सप्टेंबर नळी दर आठवड्याला उघडून पाहावी व कागदी फिल्टर ओला होऊ देऊ नये. वीजपुरवठ्याचेही पाहावे : घासणीयंत्र साधारण चारशे वॅट व व्हॅक्यूम बाराशे ते सोळाशे वॅट घेतो. दोहोंचा भार सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर टाकू नये.

याच यंत्रावर पटाशीला धार लावण्याचा मोह अनेकांना होतो. मलाही झाला. लोखंडाच्या ठिणग्या नळीतून भुशाच्या पिशवीत गेल्या. ज्वाळा दिसली नाही. रात्री अकराच्या सुमारास करपल्याचा वास आला तेव्हा पिशवी आतून धुमसत होती. ती उचलून अंगणात नेईपर्यंत हाताला चटका बसला, एवढ्यावरच निभावले. लोखंड घासायचे असेल तर नळी काढून, भुसा झाडून, मगच घासावे. खरे म्हणजे त्यासाठी निराळे यंत्रच हवे.

व्हॅक्यूम खोलीबाहेर ठेवून नळी भिंतीतून नेणे उत्तम, फक्त त्याचा झोत शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराकडे नसावा. आधी व्हॅक्यूम चालू करावा, मग यंत्र. थांबवताना आधी यंत्र, आणि मिनिटभराने व्हॅक्यूम. उरलेली धूळ केरसुणीने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. तोंडाला रुमाल बांधणे व्यर्थ आहे. एन-९५ मुखपट्टी २०२० पासून सर्वांच्या परिचयाची झाली आहे, तीच नीट बसवून वापरावी. परंतु मुखपट्टी ही काम करणाऱ्याच्या नाकापुरती असते. पलीकडच्या खोलीत शिवणाऱ्या बाईने दिवसभर ती बांधून बसावे, असे कोणी म्हणणार नाही.

नवी जोडणी केल्यावर महिना-दीड महिन्यात पत्नीचा खोकला कमी झाला. डॉक्टरांचे औषधही चालू होते, त्यामुळे सगळे श्रेय मी माझ्या पाइपला देत नाही. शिवणयंत्रावरची तांबूस पूड मात्र दिसेनाशी झाली, आणि ती पुसण्याचे काम इतकी वर्षे कोण करीत होते, हे मला तेव्हा कळले.

जोडणी बरोबर झाली की नाही हे कसे ओळखावे, असा प्रश्न आपण विचाराल. त्याला मोठे उपकरण लागत नाही. खोली अंधारी करावी, बॅटरीचा झोत यंत्राच्या आडवा टाकावा आणि बाजूने पाहावे. दिवसाउजेडी न दिसणारी धूळ त्या झोतात दिसते. येथे समोर तेच यंत्र ठेवले आहे. प्रथम नळी न जोडता शिवणीचा एक तुकडा घासतो, मग नळी जोडून तोच तुकडा घासतो. मागच्या बाकांवरील मंडळींनी पुढे यावे, मुखपट्ट्या बांधाव्यात, आणि कोणीतरी कृपा करून पंखा बंद करून खिडक्यांचे पडदे ओढावेत.