अद्भुताची गोडी

कादंबरी वाचणाऱ्या घरांत एक जुना तंटा असतो. वडील मंडळी विचारतात, "हें असें कधीं घडतें काय?" आणि ज्याच्या हातीं पुस्तक असतें तो मान वर न करतां पुढचें पान उलटतो. परग्रहावरचे पाहुणे, बोलतीं यंत्रें, मेल्यावरही न जाणारीं माणसें यांच्या कथा वाचणें ही करमणूक कीं निव्वळ कालहरण? मराठींत हा वाद जवळजवळ कादंबरीइतकाच जुना आहे.

नारो सदाशिव रिसबूड यांनीं 1868 सालीं 'मंजुघोषा' प्रसिद्ध केली, तेव्हां प्रस्तावनेंतच त्यांनीं आपली बाजू मांडून ठेविली. आपल्या लोकांची लग्नाची रीत आणि एकंदर राहणी अशी, कीं तींत मन वेधील असें कांहीं सांपडत नाहीं. मनोरंजक ग्रंथ लिहावयाचा तर अद्भुताचाच आश्रय केला पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ही कबुली मोठी प्रामाणिक आहे. तींत समाजावर जेवढा ठपका आहे, तेवढा पुढच्या कित्येक सुधारकी कादंबऱ्यांतही नसेल! चारच वर्षांनीं, 1872 सालीं, काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनीं नावल व नाटक यांविषयीं निबंध लिहून अशा कथानकांना चांगलेंच फैलावर घेतलें. नंतर हरिभाऊ आपट्यांनीं 'पण लक्षांत कोण घेतो?' मध्यें घरांतलेंच दुःख वाचकांपुढें ठेविलें, आणि रिसबुडांचें निम्मे म्हणणें खोटें ठरलें. रोजच्या आयुष्यांत वाचण्याजोगें पुष्कळ होतें. पाहणारा हवा होता.

तथापि अद्भुताची गोडी गेली नाहीं. भा. रा. भागवतांनीं ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हातीं दिला. नारायण धारपांच्या भयकथांनीं वाचनालयांतून वाचकांची झोप उडविली. परंतु हीं पुस्तकें घ्यावयाचीं तीं उशीखालीं ठेवण्यासाठीं, दिवाणखान्यांतील कपाटांत नव्हे.

या कपाटाचें दार उघडलें तें 1974 सालीं. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेंत नारायण विनायक जगताप नांवाच्या कोणा नवख्याची 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर! आपल्या नांवाचें दडपण परीक्षकांवर पडूं नये म्हणून त्यांनीं आद्याक्षरें उलटीं केलीं होतीं. पुढच्याच वर्षीं कऱ्हाडच्या साहित्य संमेलनांत अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनीं या नव्या लेखनाची प्रशंसा केली, आणि विज्ञानकथेला पंगतींत पाट मिळाला.

पाट मिळाला, पण तक्रार संपली नाहीं. नारळीकरांचीं पात्रें माणसें कमी आणि शिक्षक अधिक वाटतात, असा एका वाचकवर्गाचा आक्षेप आहे, आणि तो अगदींच खोटा नाहीं. धारपांचा वाडा डोळ्यांपुढें उभा राहतो, तसा नारळीकरांचा नायक राहत नाहीं. पण त्यांच्या कादंबरीचा खरा नायक कल्पना हाच असतो. 'वामन परत न आला' या कादंबरींत लुप्त झालेल्या संस्कृतीचें ज्ञान जमिनींतून हातीं लागतें, त्यावरून यंत्रमानव घडतो, आणि ज्या ज्ञानानें ती संस्कृति बुडाली तेंच पुन्हां दारांत येऊन उभें राहतें. येथें "हें घडतें काय?" हा प्रश्न मागें पडतो. "घडलें तर कोणाचें काय होईल?" हा पुढें येतो.

आणि अशक्य तरी कशाला म्हणावयाचें? 'मंजुघोषा' निघाली तेव्हां मुंबई विहार तलावाचें पाणी पीत होती. शहापूरकडच्या डोंगरांतली नदी गिरगांवांतल्या तिसऱ्या मजल्यावर वाहील, असें त्या वेळीं कोणी लिहिलें असतें तर मराठ्यांच्या निबंधांत त्याचाही समाचार घेतला गेला असता. 1892 सालीं तानसेचें पाणी मुंबईस आलें. पुढें भातसानगरजवळच्या धरणाचेंही आलें, आणि आज मुंबईच्या पाण्याचा फार मोठा वांटा भातसेचा आहे. त्याच शहापूर तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत बायका डोक्यावर हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. यावर विज्ञानकादंबरी लिहिली गेली, तर तिला असंभाव्य म्हणण्यास त्या पाड्यांवर एकही वाचक मिळणार नाहीं.