समुद्रावरचे घड्याळ



मावळच्या डोंगरात समुद्रावरील घड्याळाची कथा कशाला, असे आपणांस वाटेल. परंतु आरमाराचे अभियंते घडविणारी ‘शिवाजी’ ही संस्था १९४५ पासून आपल्या लोणावळ्यासच आहे. तेव्हा हा विषय आपणांस परका नव्हे.

लोणावळ्यास सूर्य मुंबईच्या सुमारे सव्वादोन मिनिटे आधी माथ्यावर येतो. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते; म्हणून वेळेतील फरक कळला की रेखांश कळतो. खलाशास सूर्यावरून जहाजावरची वेळ समजे, पण त्याच क्षणी मायदेशी किती वाजले हे सांगणारे घड्याळ नव्हते. लाटांनी लंबक बिघडे, उष्णतेने धातू वाढे. एका मिनिटाची चूक म्हणजे विषुववृत्तावर सुमारे २८ किलोमीटर! १७०७ साली ठिकाणाचा अंदाज चुकून इंग्रजांची चार जहाजे सिली बेटांच्या खडकांवर फुटली. हजाराहून अधिक माणसे बुडाली. १७१४ साली पार्लमेंटने यावरील उपायास वीस हजार पौंडांचे बक्षीस लावले.

ते काम अंगावर घेतले जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने. जन्म १६९३ चा. आरंभी त्याने घड्याळांची चाकेही लाकडाचीच केली. पहिले सागरी घड्याळ १७३५ साली झाले. तिसऱ्यावर त्याने एकोणीस वर्षे घालविली. अखेर १७५९ साली त्याने तळहातावर मावेल एवढे चौथे केले. १७६१ साली ते जमेकाच्या सफरीवर निघाले. त्याची रोजची ठराविक चाल हिशेबात धरता ८१ दिवसांत चूक निघाली अवघी पाच सेकंदांची!

तरी बक्षीस अडले. परीक्षक मंडळात ज्योतिर्विदांचे वजन होते, आणि त्यांचा भरवसा चंद्राच्या गणितावर. एकाला साधले ते दुसऱ्या कारागिरास साधेल काय, ही त्यांची शंका मात्र रास्त होती. केंडॉल नावाच्या कारागिराने हुबेहूब प्रत केली, ती कॅप्टन कुकने १७७२ ते ७५ च्या सफरीत वापरली आणि तो खूष झाला. मधल्या काळात, १७७३ साली, ऐंशी वर्षांच्या हॅरिसनला राजा व पार्लमेंट यांच्याकडे दाद मागून उरलेली रक्कम मिळाली. १७७६ साली तो वारला.

पुढे १८२६ साली मुंबईस कुलाब्याची वेधशाळा उभी राहिली, तीही जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून.

हाताने काम करणाऱ्याचे ज्ञान आम्ही आजही पदवी विचारून तोलतो. हॅरिसनचे म्हणणे एवढेच होते: घड्याळ समुद्रावर न्या आणि पाहा. आमच्या गावच्या कारागिरालाही तेवढी संधी मिळाली पाहिजे.